फाटक नसलेला चौक

गोटीराम गांगुर्डे यांनी नोकरीची सगळी वर्षं एकच काम केलं. रूळ ओलांडायला निघालेल्या माणसाला अडवायचं.

मनमाडच्या अलीकडे, लासलगावच्या बाजूला, कांद्याच्या शेतांमधून जाणाऱ्या एका रस्त्यावर त्यांचं रेल्वे फाटक होतं. स्टेशनातून फोन आला की गोटीराम दोन्हीकडचे दांडे खाली पाडायचे, कुलपात चावी फिरवायचे, आणि मगच येणाऱ्या गाडीला सिग्नल मिळायचा. इथवर सगळं यंत्राचं. त्यानंतर खरी कसरत सुरू व्हायची. दांडा खाली आला म्हणजे थांबायचं असतं हे ट्रॅक्टरला कळायचं, बैलांनाही कळायचं, माणसाला मात्र कळायचं नाही. कुणी सायकल आडवी करून खालून सरकवायचा. बाया डोक्यावरचं गवत न उतरवता गुडघ्यात वाकून पलीकडे निघायच्या. लग्नाच्या वऱ्हाडातले फेटेवाले एका हातानं फेटा सावरत दांड्याखालून जायचे. गोटीराम फाटकाशेजारच्या आपल्या खोलीतून, गुमटीतून, बाहेर पडून ओरडत सुटायचे.

"माघारी फिर. गाडीला डोळे नसतात. अन् तू दिसला तरी तिला थांबता येत नाय."

हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की शेजारच्या वस्तीवर त्यांची नक्कल करायची झाली तर लोक हेच म्हणायचे. पण त्यामागे एक गोष्ट होती. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले असताना मनमाडच्या स्टेशनावर एक म्हातारा इंजिन ड्रायव्हर चहा पिता पिता त्यांना म्हणाला होता, "माणूस आम्हाला लांबूनच दिसतो रे. ब्रेक दाबतो, हॉर्न वाजवतो. पुढचं आमच्या हातात नसतं. मग डोळे मिटून घ्यायचे." गोटीरामांच्या हातातला चहा तसाच राहिला होता. त्या दिवसापासून त्यांनी मनाशी पक्कं केलं, की ओलांडायचं काम माणसाच्या अकलेवर सोडायचं नाही. मध्ये लोखंड पाहिजे, आणि लोखंडापाशी ओरडणारं कुणीतरी पाहिजे.

त्यांच्या फाटकावर एकही माणूस गाडीखाली गेला नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी हे भाषणात सांगितलं तेव्हा गोटीरामांनी मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना कुणाला दाखवायचं नव्हतं.

पुढे पत्नी अनसूया आजारात गेली. त्याच्या पाठोपाठ उजव्या गुडघ्यानं दगा द्यायला सुरुवात केली. चालता चालता तो मध्येच धरायचा, असा की पाय ना वाकायचा ना सरळ व्हायचा. मुलगा संतोष नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. तो एक दिवस गाडी घेऊन आला आणि वडिलांना, त्यांच्या ट्रंकेला आणि तुळशीच्या कुंडीला त्र्यंबक रोडच्या बाजूच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला.

कॉलनीच्या तोंडाशी एक मोठा चौक होता. त्याची महापालिकेची पाटी वेगळ्याच नावाची; पण तिथं कधीकाळी दूध डेअरी होती म्हणून रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्याला डेअरी सिग्नल म्हणत. चारी बाजूंना दिवे, पांढरे पट्टे, आणि पायी जाणाऱ्यांसाठी खांबावर एक छोटा तांबडा माणूस आणि एक छोटा हिरवा माणूस. गोटीरामांच्या गुडघ्याच्या व्यायामाचा दवाखाना नेमका पलीकडे होता. सून साधना सकाळी शाळेत शिकवायला जायची, त्यामुळे तिनं पहिल्या दिवशी सोबत येऊन रस्ता दाखवला आणि सांगितलं, "नाना, हिरवा माणूस लागल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही."

"हे तू मला सांगती?" नाना म्हणाले, आणि दोघंही हसली.

दुसऱ्या दिवशी ते एकटे गेले. पांढऱ्या पट्ट्यांपाशी येऊन, फाटकापाशी उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले. समोर तांबडा माणूस होता. नानांच्या डावीकडून एक कॉलेजची मुलगी आली, मान वळवून एकदा बघितलं आणि चालू पडली. तिच्यामागे कारखान्याचा निळा शर्ट घातलेले तिघं. मग दुधाची कॅन घेतलेला एक माणूस, मग कडेवर मूल घेतलेली बाई. दोन रिक्षा, एक टेम्पो आणि कितीतरी दुचाक्या यांच्या मधून ही सगळी माणसं पलीकडे पोचलीसुद्धा, आणि तांबडा माणूस अजून तांबडाच होता. नाना हिरवा दिवा लागल्यावरच उतरले, तरी पलीकडे पोचेपर्यंत त्यांना घाम फुटला होता.

पुढचे काही दिवस त्यांनी जुनं काम पुन्हा हातात घेतलं. दवाखान्याच्या वेळेच्या बरेच आधी ते चौकात येऊन उभे राहू लागले आणि तांबड्या दिव्यात कुणी पाऊल पुढे टाकलं की दोन्ही हात आडवे करून म्हणू लागले, "थांबा. दिवा तांबडा हाय." माणसं त्यांच्याकडे बघायची, काही थांबायची, बरीचशी वळसा घालून निघून जायची. एकानं "काका, नवीन आलात का नाशिकला?" असं अगदी आपुलकीनं विचारलं, आणि विचारता विचारताच तो पट्ट्यावर उतरला.

एका सकाळी त्यांनी एका मुलीला चांगलंच खडसावलं. पाठीवर लॅपटॉपची बॅग, कानात इयरफोन, हातात डबा. ती भरधाव बसच्या पुढून आली. नाना ओरडले, "घरी वाट बघणारं कुणी हाय का नाय?" मुलीनं कानातलं काढलं, क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, "सॉरी आजोबा," म्हणाली आणि झपाझप निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तांबड्या दिव्यातच आली.

फुटपाथवर भागीबाई नावाची बाई बसायची. महिरावणी गावाकडची, घरची शेवंती, झेंडू आणि मेथीच्या जुड्या घेऊन पहिल्या बसनं यायची. हा सगळा प्रकार ती रोज बघत होती. त्या दिवशी तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बसा नाना. घसा कोरडा पडला तुमचा. काय सैन्यात होते काय?"

"रेल्वेत. फाटकावर."

"तरीच." तिनं एक पोतं झटकून अंथरलं. "हितं फाटक नाय. हितं बसून बघा थोडं. उभं राहून दिसत नाय."

गुडघा ठणकत होता म्हणून नाना बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. मग ती सवयच झाली. दवाखान्यातून सुटले की भागीबाईच्या पोत्यावर टेकायचं, मेथीच्या जुडीतला गवताचा धागा वेचून काढून द्यायचा आणि चौक बघत राहायचं.

सुरुवातीला ते फक्त चुका बघत होते. कोण मोबाइलमध्ये डोकं घालून चाललाय, कोण पट्टा सोडून तिरका पळतोय. आणि चुका होत्याच. एकदा एका माणसाच्या पिशवीला स्कूटरचा आरसा लागला आणि टोमॅटो रस्ताभर सांडले. एकदा एक तरुण पडला आणि त्याचं कोपर फुटलं. नानांच्या जिवाचं पाणी व्हायचं. पण रोज रोज बघताना, कुठल्या दिवशी ते सांगता येणार नाही, त्यांना दुसरंही काही दिसायला लागलं.

त्यांना दिसलं, की ओलांडणारी माणसं दिव्याकडे जवळजवळ बघतच नाहीत. ती समोरून येणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघतात. चाक किंचित मंद झालं की पाऊल उचलतं. त्यानंतर नजर वर जाते, थेट चालवणाऱ्याच्या डोळ्यांत. रिक्षावाला आणि डोक्यावर पाटी घेतलेली बाई यांची त्या एवढ्याशा वेळात पूर्ण बोलणी होतात: मी येतेय, ये, तू मागून जा, बरं. रिक्षा मागून जाते. दोघं आपापल्या वाटेला लागतात आणि पुन्हा जन्मात भेटत नाहीत.

त्यांना दिसला हात. हा हात बघून तर ते चक्रावून गेले. रस्त्यात उतरलेला जवळजवळ प्रत्येक माणूस गाडीच्या दिशेनं पंजा खाली करून हात पुढे धरतो, उधळलेल्या वासराला शांत करताना धरावा तसा. वकील धरतो, हमाल धरतो, शाळेची मुलगी धरते, साठीची बाई धरते. शाळेत हे कुणी शिकवत नाही. आणि त्या रिकाम्या पंजापुढे डंपर मंदावतो. नानांनी आयुष्यभर लोखंडी दांडा पाडला होता, तोही कुलूप लावून. इथं लोक पाच बोटांचा दांडा पाडत होते आणि तो चालत होता.

आणि हिरवा माणूस लागला की दोन्ही काठांवरून दोन गर्द्या निघत. इकडून कारखान्याला जाणारे, तिकडून रात्रपाळी करून आलेले. मध्यावर दोन्ही समोरासमोर यायच्या. नाना दर वेळी श्वास रोखून बघायचे, आता आदळणार. पण गर्दीत गर्दी शिरायची, खांदे जरासे तिरके व्हायचे, पिशव्या पोटाशी यायच्या, एखादी आई मुलाचा हात बदलून त्याला दुसऱ्या अंगाला घ्यायची, आणि सगळे पार निघायचे. कुणी कुणाला शिवलेलं नसायचं. कुणी कुणाला काही बोललेलं नसायचं. त्यात भांडलेले असतील, कर्जात असतील, कुणाला रात्रभर झोप नसेल, कुणाच्या घरी आजारी माणूस असेल. पण त्या तेवढ्या वेळापुरतं सगळ्यांना सगळ्यांचं भान असायचं.

"भागीबाई," एकदा ते म्हणाले, "हे असं रोज होतं?"

"काय?"

"हे." नानांनी नुसता चौकाकडे हात केला.

भागीबाईनं चौकाकडे बघितलं. तिला त्यात काहीच वेगळं दिसलं नाही. "रोजच," ती म्हणाली आणि शेवंतीवर पाणी मारायला लागली.

घरी जेवताना त्यांनी संतोषलाही सांगून बघितलं. संतोष म्हणाला, "नाना, ही शिस्त नसल्याची लक्षणं आहेत. परदेशात बघा." साधना मात्र भाकरी वाढता वाढता थांबली. ती म्हणाली, "मी रोज तिथून जाते. हात पुढे करते की नाही, मला आठवतच नाही." दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिनं चप्पल काढायच्या आधी सांगितलं, "करते नाना. मीपण करते."

तरीही नाना स्वतः कधी तांबड्या दिव्यात उतरले नाहीत. बघणं वेगळं आणि करणं वेगळं. त्यांच्या मनातला म्हातारा ड्रायव्हर अजून डोळे मिटूनच होता.

दिवाळी होऊन गेली. एकदा दवाखान्याची वेळ दुपारची मिळाली, तिथून ते परत निघाले. उन्हं कलायला लागली होती, पहिल्या पाळीचे कामगार सुटायची वेळ. हिरवा माणूस लागला, नाना गर्दीबरोबर पट्ट्यावर उतरले. त्यांची चाल हळू, म्हणून बाकीचे पुढे गेले. रस्त्याच्या बरोबर मध्यावर आल्यावर उजवा गुडघा धरला.

त्यांनी पाय उचलून बघितला, उचलला जाईना. वाकवून बघितला, कळ मस्तकात गेली. समोरचा हिरवा माणूस लुकलुकायला लागला आणि तांबडा झाला. डावीकडे थांबलेल्या गाड्यांचा आवाज बदलला. क्लच सुटले, इंजिनं गुरगुरली. गाड्यांचा दिवा हिरवा झाला.

नानांना त्या क्षणी चौक दिसेनासा झाला. त्यांना रूळ दिसले. खडी दिसली. आपण दांड्याच्या आत आहोत, बाहेर कुणी ओरडणारं नाही, आणि येणाऱ्याला थांबता येत नाही. दोन दुचाक्या त्यांच्या पुढून वाऱ्यासारख्या गेल्या. एक मागून गेली. दुचाक्यांच्या मागे उभी असलेली सिटी बस हलली. नाना तिच्या काचेकडे बघत राहिले आणि डोळे मिटून घ्यावेत असं त्यांना वाटलं.

डोळे त्यांनी मिटले नाहीत. उलट त्यांचा हात उठला. त्यांनी उचलला नव्हता, तो उठला. पंजा खाली, बोटं पसरलेली. काचेमागे ड्रायव्हर होता, मिशीवाला, त्यांच्याच वयाला टेकलेला. त्या दोघांची नजरानजर झाली. बस थांबली. जागेवरच थांबली, आणि ड्रायव्हरनं तिचं इंजिनच बंद करून टाकलं.

पण बसच्या पलीकडच्या बाजूनं दुचाक्या वाहतच होत्या, आणि बसवाला का थांबला हे मागच्यांना दिसत नव्हतं; त्यांनी हॉर्नचा गजर लावला. तेवढ्यात समोरच्या काठावरून कुणीतरी खाली उतरलं. पाठीवर बॅग, कानात इयरफोन. तीच मुलगी. ती आली ती नेहमीसारखीच तांबड्या दिव्यात, वाहत्या दुचाक्यांमधून, हात पुढे धरून. तिच्यासाठी एक थांबला, मग दुसरा. ती नानांच्या डावीकडे येऊन उभी राहिली. गाड्यांकडे तोंड करून.

"आजोबा, काय झालं?"

"गुडघा. धरलाय."

"ठीक आहे. उभे राहा तसेच."

मग निळ्या शर्टवाले दोघं आले. त्यांच्यातला एक नानांच्या मागे उभा राहिला आणि त्यानं आपला जेवणाचा डबा हात उंच करून धरला, लांबून दिसावा म्हणून. फुटपाथवरून भागीबाई आली. शेवंतीची टोपली तशीच उघडी टाकून, पदर खोचून आली. एक रिक्षावाला रिक्षा कडेला लावून आला. एक शाळेचा शिपाई आला. नानांना ओळखणारी त्यात दोनच, बाकीच्यांनी त्यांना जन्मात बघितलेलं नव्हतं. कुणी कुणाला सांगितलं नाही की गोल करा. पण गोल झाला. सगळ्यांची तोंडं बाहेर, पाठी नानांकडे, आणि प्रत्येकाचा एक हात पुढे.

रिक्षावाला म्हणाला, "उचलून नेऊ का बाबांना?"

"नको," ती मुलगी म्हणाली. "माझ्या आजीचा असाच धरायचा. ओढलं की जास्त दुखतं. सुटू दे आपोआप."

"सुटू दे मग," भागीबाई म्हणाली. "घाई कुणाला हाय."

घाई सगळ्यांनाच होती. पाळी सुटलेली, बस भरलेली, मागे त्र्यंबकहून परतणाऱ्या गाड्यांची रांग. पण पुढच्या रांगेतल्यांनी मागे वळून हात केले, त्यांच्या मागच्यांनी त्यांच्या मागे, आणि हॉर्न एकेक करून गळत गेले. शेवटी एकच वाजत राहिला, लांबवर, आणि तोही बंद झाला.

नानांनी वर बघितलं. गाड्यांचा दिवा हिरवा होता. लख्ख हिरवा, आणि त्याच्याखाली बस उभी होती, ट्रक उभा होता, शेकड्यानं दुचाक्या उभ्या होत्या, पाय जमिनीला टेकवून. रेल्वेत हिरवा म्हणजे जाणं. त्यात दुसरा विचार नसतो, तसा विचार करायला कुणाला वेळही नसतो. हिरव्या सिग्नलपुढे आपण होऊन थांबलेलं एवढं मोठं काही त्यांनी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. त्या सगळ्यांना ते दिसत होते, आणि त्या सगळ्यांना थांबता येत होतं. इतकी साधी गोष्ट.

दिवा तांबडा झाला, पुन्हा हिरवा झाला. कुणी हललं नाही. मग गुडघ्यात आत कुठेतरी टक् असा आवाज झाला आणि पाय सुटला.

"सुटला," नाना म्हणाले.

गोल हलला. तो मोडला नाही, नानांच्या चालीनं सरकत गेला, त्यांच्याबरोबर एकेक पाऊल. काठाला लागल्यावर मागे सगळी इंजिनं एकदम सुरू झाली. निळ्या शर्टवाल्यांनी बस पकडली, शिपाई निघून गेला, रिक्षावाल्याला भाडं मिळालं. नानांनी आभार मानायला तोंड उघडलं तेव्हा समोर कुणी उरलंच नव्हतं. फक्त भागीबाई होती आणि ती मुलगी, जी त्यांना पोत्यावर बसवून पाण्याची बाटली उघडून देत होती.

पाणी पिऊन झाल्यावर नानांनी विचारलं, "तुझं नाव काय बाळ?"

"अपूर्वा."

"मी तुला एकदा लय बोललो होतो. हितंच."

"आठवतंय ना." ती हसली. "घरी वाट बघणारं कुणी आहे का, असं विचारलं होतंत. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. आई गावाला असते माझी. इथं असं विचारणारं कुणी नाही."

नानांनी झाकण लावून बाटली तिला परत केली. मग म्हणाले, "आज कशाला उतरली एवढ्या गाड्यांत?"

अपूर्वानं विचार केला. खरंच विचार केला, कपाळाला आठ्या घालून. "माहीत नाही आजोबा. तुमचा हात दिसला. मग मी रस्त्यातच होते."

"पण पुन्हा तांबड्यात येऊ नको."

"नाही येणार," ती म्हणाली. भागीबाई खाली मान घालून हसली, कारण येणार हे तिघांनाही ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी नाना फ्लॅटच्या गॅलरीत बसून राहिले. चहा आणून दिला तेव्हा साधनाला ते काही वेगळेच वाटले. त्यांनी तिला सगळं सांगितलं. बस, मिशीवाला, गोल. सांगताना ते सारखे एकाच ठिकाणी अडखळत होते. "ओळख ना पाळख, साधना. पाठी माझ्याकडं अन् तोंडं गाड्यांकडं. अन् झालं की निघून गेले, जसं काय केलंच नाय." साधनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं संतोषला फोन केला नाही. रात्री नानांनाच त्याला सांगू दिलं. संतोषनं सगळं ऐकून घेतलं. परदेशाचं नाव त्यानं या वेळी काढलं नाही. तो म्हणाला, "उद्यापासून मी सोडतो तुम्हाला दवाखान्यात."

"सोड. पण चौकाच्या अलीकडं सोड," नाना म्हणाले. "पलीकडं माझं मी जाईन."

तेव्हापासून नाना जातात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता हातात काठी आहे. हिरव्या माणसाची वाट ते अजूनही बघतात, त्यात बदल नाही. पण आता हात आडवे करून कुणाला अडवत नाहीत. सिंहस्थाच्या तयारीसाठी रस्ता खणला गेला तेव्हा चौकातले दिवे काही दिवस बंदच होते. पट्टे मातीखाली गेले होते, खांब उपटून कडेला ठेवले होते. नाना तेव्हाही आले. भागीबाईशेजारी बसून त्यांनी बघितलं, की दिव्याशिवाय, पट्ट्यांशिवाय, धुळीत, माणसं एकमेकांकडे बघत पलीकडे जात आहेत. देवळात बसावं तसे ते बसून होते.

मागच्या पौषातली गोष्ट. थंडी होती. नवे दिवे लागले होते, आणि नाना पलीकडे जायला उभे होते. सुरगाण्याकडून द्राक्षांच्या कामाला आलेली काही माणसं जीपमधून उतरली. त्यात एक तरुण बाई होती, डोक्यावर गाठोडं, पायात नव्या चपला. तिच्याबरोबरची माणसं हिरव्या दिव्यात भराभर पुढे गेली आणि ती मागे राहिली. दिवा पुन्हा तांबडा झाला. ती एकदा गाड्यांकडे बघायची, एकदा पलीकडे थांबलेल्या आपल्या माणसांकडे. तिनं उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, मग दोन पावलं सरकून नानांच्या अगदी मागे येऊन उभी राहिली.

नानांनी वळून बघितलं नाही. हिरवा माणूस लागला. त्यांनी काठी पुढे टाकली आणि तेवढ्यात त्यांना शर्टाला हलकीशी ओढ जाणवली. तिनं मागून शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं.

नाना नेहमीपेक्षा सावकाश चालले. डावा हात त्यांनी गाड्यांकडे धरला होता, पंजा खाली करून. मध्यावर समोरची गर्दी आली, तिचे दोन भाग झाले, त्या दोघांना वाट झाली. पलीकडच्या काठावर चढताच शर्टाची मूठ सुटली. नव्या चपलांचा आवाज तिच्या माणसांच्या दिशेनं पळत गेला. नानांनी तिचा चेहराही बघितला नाही.

ते तिथंच काठीवर भार देऊन बराच वेळ उभे होते. शर्टाचं ते टोक अजून चुरगळलेलं होतं. त्यांनी ते सरळ केलं नाही.